मासाभर वजन

बऱ्याच दिवसांत इथे फिरकलो नाही. दोघा-तिघा ब्लॉगवाल्या मित्रांचं "दुकान बंद केलंस का?" असं विचारून झालं. घरच्या मंडळींचा प्रश्न मात्र वेगळाच आहे. पुण्याची आत्या, मालवणचे काका, डोंबिवलीची मावशी, सगळ्यांच्या फोनवर पहिलं वाक्य एकच : "अण्णा जेवतात का रे?"

प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहितो. पण ते उत्तर सरळ येणार नाही, वाटेत माशांचं बरंच काही येईल. ज्यांना मासे चालत नाहीत त्यांनी मधले काही परिच्छेद गाळले तरी हरकत नाही. (आत्या, हे तुझ्यासाठी. ह. घ्या.)

तर मंडळी, मी राहतो मिनेसोटात. गाड्यांच्या पाट्यांवर 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं असतं, पण तो इथल्या लोकांचा विनय. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर आकडा ११,८४२ भरतो. त्यातलं मिनेटोंका नावाचं एक भलंमोठं तळं आमच्या घरापासून फार लांब नाही. त्याला खाडीसारखे आत शिरलेले अनेक फाटे आहेत. तिथल्या एका फाट्यावर लोकांना मासे धरायला लाकडी धक्का बांधलेला आहे, आणि माझा शनिवार-रविवारचा मुक्काम तिथेच असतो.

इथे 'पॅनफिश' म्हणून माशांचा एक गट आहे. हा गट शास्त्रज्ञांनी केलेला नाही, तो स्वयंपाकघरात झाला. जो मासा अख्खा तव्यात मावतो तो पॅनफिश. मी आपला घरी 'तवामासे' म्हणतो. त्यात ब्लूगिल आला, पंपकिनसीड आला, क्रॅपी आला, पिवळा पर्च आला. ब्लूगिल म्हणजे साधारण तळहाताएवढा, चपटा, कल्ल्याच्या मागच्या टोकाला काळा ठिपका असलेला मासा. तोंड इतकं लहान की करंगळीचं टोक जेमतेम जाईल. कोकणातल्या मंडळींनी काळुंदर डोळ्यापुढे आणावा. कूळ वेगळं, पण अंगाचा चपटेपणा आणि तोंडाचा नखरा अगदी तसाच.

उन्हाळ्यात ब्लूगिल धरायला काही अक्कल लागत नाही. पाच वर्षांचं पोरही गांडूळ लावून पाच-सहा काढतं. खरी गंमत सुरू होते ती ऑक्टोबर संपता संपता. पानं गळून गेलेली असतात, लोकांनी बोटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या असतात, निम्मं गाव हरणांच्या शिकारीला गेलेलं असतं. धक्क्यावर चिटपाखरू नसतं. आणि पाण्यातले मासेही जणू गाव सोडून गेले असं वाटायला लागतं.

ते कुठे जात नाहीत. होतं असं, की उन्हाळ्यात तळ्याचे दोन मजले झालेले असतात, वर गरम पाणी आणि खाली थंड. थंडी पडायला लागली की वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली उतरतं. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सियसला, म्हणजे ३९ फॅरनहाइटला. वाऱ्याच्या मदतीने सगळं तळं वर-खाली ढवळून निघतं आणि प्राणवायू तळापर्यंत पोचतो. उथळ भागातलं शेवाळ आणि पाणवनस्पती मरायला लागतात. मग मासे उरल्यासुरल्या हिरव्या वनस्पतींच्या कडेला जमतात, आणि पुढे खोल पाण्याकडे सरकतात.

मासा थंड रक्ताचा. पाण्याचं जे तापमान तेच त्याच्या अंगाचं. पाणी दहा अंश सेल्सियसने उतरलं की त्याच्या शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर येतो, निम्म्याहूनही खाली जातो. जुलैत पंचवीस अंशात हुंदडणारा ब्लूगिल नोव्हेंबरात सहा-सात अंशात असतो. म्हणजे उन्हाळ्याच्या पाव खर्चात त्याचा संसार चाललेला असतो. खाल्लेलं पचायलाही खूप वेळ लागतो. पण तो खायचा थांबत नाही, हे महत्त्वाचं. फक्त त्याला जे लागतं ते अगदी थोडं असतं, आणि त्यासाठी धावपळ करायची त्याची तयारी नसते. त्याचं तेव्हाचं जेवण म्हणजे पाण्यात तरंगणारे मिलिमीटरभर आकाराचे जीव आणि चिखलातल्या लाल अळ्या. अशा माशापुढे उन्हाळ्यातलं दोन इंची रबरी आमिष नाचवत नेलं तर तो बघतो आणि बाजूला होतो.

म्हणून इथले जुने लोक या दिवसांत सगळंच लहान करतात. आमिष लहान, गळ लहान, तंगूस बारीक, आणि हाताची हालचाल जवळजवळ नाहीच.

मी उन्हाळ्यात १/८ किंवा १/१६ औंसाचं जिग वापरतो. जिग म्हणजे गळाच्या दांडीवर ओतलेला शिशाचा छोटा गोळा. नोव्हेंबरात ते १/३२ वर येतं, आणि पाणी पन्नास फॅरनहाइटच्या खाली गेलं की १/६४ वर. वर लावायचं रबरी शेपूट इंचभर किंवा त्याहून कमी. नाहीतर नुसती मेणकिड्याची एक अळी. बर्फातल्या मासेमारीसाठी टंगस्टनची अगदी बारीक जिगं मिळतात, तीही मी आधीच बाहेर काढतो. टंगस्टन शिशापेक्षा पुष्कळच जड, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा गोळा अजून लहान होतो. शिवाय लून नावाचा इथला राज्यपक्षी शिशाची वजनं गिळून मरतो, तेही टळतं.

आता एवढंसं वजन जाड तंगुसाला बांधलं तर ते खाली जातच नाही. जाड तंगूस थंडीत कडक होतो, रीळावरची वेटोळी तशीच ठेवतो, स्प्रिंगसारखा वर लोंबकळत राहतो. त्यात शेवाळ बसल्यामुळे पाणी स्वच्छ झालेलं असतं आणि माशाला दोरा दिसतो. म्हणून सहा पौंडी तंगूस काढून दोन पौंडी भरायचा. सहा पौंडीची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, दोन पौंडीची त्याच्या जवळपास निम्मी. सगळं रीळ बारीक तंगुसाने भरायची गरज नसते. खाली जुना जाड तंगूस राहू द्यायचा आणि वर पन्नासेक यार्ड बारीक गुंडाळायचा. गाठ आवळताना ती ओली करायची, नाहीतर घर्षणानेच तंगूस कमजोर होतो. आणि रीळाचा ब्रेक इतका सैल ठेवायचा की हाताने ओढलं तरी दोरा कुरकुर न करता सुटला पाहिजे.

एवढं सगळं करून कधीतरी पाइक नावाचा दांडगा मासा येतो आणि एका चाव्यात दोरा कापून निघून जातो. जाऊ द्यायचं. बारीक तंगुसाचा तो कर समजायचा.

असो. आता अण्णा.

आई गेली त्याला सप्टेंबरात वर्ष झालं. वर्षश्राद्ध उरकून ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी अण्णांना इकडे घेऊन आलो. वय ८१. वर्षभरात वजन सात किलोंनी उतरलेलं. तिकडे सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, रिपोर्ट नॉर्मल. पोटात काही नाही, रक्तात काही नाही. भूकच नाही, एवढंच. आणि बोलणं म्हणाल तर तीन शब्दांवर आलेलं : बरं, नको, पुरे.

ज्यांनी अण्णांना शाळेत पाहिलंय त्यांना हे खरं वाटणार नाही. चौतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. पावकी-निमकी-दीडकी तोंडपाठ. वर्गात फळ्याकडे पाठ करून अपूर्णांकांचे भागाकार सांगायचे. कर्लीच्या खाडीवर संध्याकाळी गरवायला बसले की शेजारच्याला शिकवणी सुरू. तो माणूस आमच्या दिवाणखान्यात खिडकीपाशी बसून तासन्‌तास बाहेरच्या ओक्या झाडाकडे बघत होता. बायकोने हौसेने सगळं केलं. सोलकढी, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं (बांगडे फ्रोझन का होईना, इथे मिळतात), घावणे. ताट समोर आलं की ते बघूनच त्यांचं पोट भरायचं. "पुरे."

ऑक्टोबरच्या अखेरीस एका रात्री मी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून रीळ बदलत बसलो होतो. अण्णा समोर बसले होते, म्हणजे बसवले होते. मी जिगची एक पुडी त्यांच्यापुढे सरकवली, केवळ जागा करायला. त्यांनी ती उचलली, चष्मा कपाळावर चढवला, अगदी डोळ्याजवळ धरली.

"ह्यो आकडो कसलो?"

"१/६४, अण्णा."

"एकचौसष्टांश कशाचो?"

"औंसाचा."

"औंस म्हणजे ग्रॅम किती?"

"अठ्ठावीस पूर्णांक पस्तीस."

मग काही क्षण शांतता. ओठ हलत होते. मला ते हलणारे ओठ ओळखीचे होते. मग म्हणाले, शून्य पूर्णांक चव्वेचाळीस ग्रॅम. थोडं थांबून म्हणाले, गुंज धरली तर साडेतीन गुंजा आणि वर थोडं. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे हे वजन अर्धा मासासुद्धा भरत नाही.

आणि पुडी टेबलावर ठेवत, एका बाजूने किंचित हसत : "माशाक अर्धो मासो. बरो न्याय आसा!"

लहान वाचकांसाठी सांगतो, मासा हे सोनाराचं जुनं वजन. जेमतेम एक ग्रॅमचं. 'घडीत तोळा, घडीत मासा' म्हणतो ना आपण, त्यातला. पण त्या रात्री मला कोटीपेक्षा जास्त काय वाटलं असेल तर ती वाक्यांची संख्या. वर्षभरात त्यांनी एका दमात इतकं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी उरलेल्या सगळ्या पुड्या मागून घेतल्या. १/८ म्हणजे साडेतीन मासे आणि वर थोडं, १/१६ म्हणजे पावणेदोनाच्या वर, १/३२ म्हणजे मासाला थोडं कमी. एका जुन्या पाकिटाच्या मागे कोष्टक तयार झालं. ते मी फ्रिजवर लावलंय.

शेवटी १/६४ चं जिग चिमटीत धरून म्हणाले, "पण ह्येच्यार मासो गावतलो काय मुंगी?"

मी म्हटलं, चला, बघूया.

परराज्यातल्या माणसाला इथे मासे धरायला वेगळं लायसन्स लागतं. सात दिवसांचं मिळतं, ते काढलं. (आतापर्यंत तीनदा काढून झालंय.) पहिल्या दिवशी अण्णांचा थाट बघण्यासारखा होता. दोन स्वेटर, त्यावर माझं जाकीट, त्यावर मुलाचा मफलर आणि सगळ्यात वर गावाहून आणलेली माकडटोपी. धक्क्यावर घडीची खुर्ची, मांडीवर ब्लँकेट, थर्मासमध्ये आल्याचा चहा. पाणी ४८ फॅरनहाइट होतं. वारा नव्हता.

आता थोडं तंत्राचं. थंडीतला ब्लूगिल आमिष ओढत नाही. तो जवळ येतो, तोंड उघडून पाण्याबरोबर ते आत ओढून घेतो, आणि पटलं नाही तर तसंच फुंकून टाकतो. हातातल्या काठीला यातलं काहीच कळत नाही. म्हणून मी बारीक काडीसारखा फ्लोट वापरतो, आणि त्याला मोहरीएवढे शिशाचे मणी लावून असा तोलतो की फक्त रंगीत टोक पाण्याबाहेर राहावं. ब्लूगिलने घेतलं तर टोक हळूच बुडतं. क्रॅपी खालून वर येऊन खातो, त्यामुळे त्याने घेतलं तर उलट फ्लोट वर उचलला जातो किंवा आडवा पडतो. जड फ्लोट लावला तर यातलं काही दिसत नाही.

अण्णांनी फ्लोट काढून टाकायला लावला.

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली, डाव्या हाताचा मोजा काढला, आणि रीळाच्या पुढचा तंगूस तर्जनीवर घेतला. कर्लीच्या खाडीत ते अशीच हातगरी टाकायचे. काळुंदराचं तोंडही लहानच, त्याला मोठा गळ चालत नाही आणि तो धसमुसळेपणाने लागतही नाही, तो बोटालाच कळावा लागतो. दोन पौंडी तंगूस बोटावर घेतल्यावर मात्र ते जरा चपापले. म्हणाले, हातात काही आहे असं वाटतच नाही.

अर्धा मासा वजन दहा-बारा फूट खाली जायला फार वेळ घेतं. घाई केली की संपलं. मी त्यांना म्हटलं, वीसपर्यंत मोजा. त्यांनी मोजलं. मग काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी माझ्या फ्लोटकडे बघत होतो. त्यांचं बोट किती गारठलं असेल या काळजीत होतो, पण बोललो नाही.

मग ते म्हणाले, "आसा."

काठीचं टोक हललं नव्हतं. मी शपथेवर सांगतो, माझ्या फ्लोटवर ते मला कधीच दिसलं नसतं. त्यांनी मनगट फक्त दोन बोटं वर उचललं आणि काठी वाकली. ब्लूगिल उचलताना एक गंमत असते, तो आपलं चपटं अंग आडवं करून गोल गोल फिरतो आणि स्वतःच्या वजनाच्या तिप्पट भासतो. रीळ सुटायला लागलं तसे अण्णा मलाच ओरडले, "हळू! वढू नको!" काठी त्यांच्याच हातात होती, ही गोष्ट वेगळी.

साडेसहा-सात इंचांचा होता. त्या दिवशी त्यांनी नऊ धरले, मी चार. पुढच्या आठवड्यापासून माझेही फ्लोट काढले गेले, पण माझ्या बोटाला अजून ते वाचता येत नाही.

धक्क्यावर आम्ही फारसं बोलत नाही. त्या बारीक दोऱ्याकडे लक्ष द्यायचं तर बोलता येतच नाही. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला, बराच वेळ शांततेत गेल्यावर, पाण्याकडे बघतच अण्णा म्हणाले, "तुज्या आवशीक काळुंदर आवडायचो."

मी काही बोललो नाही. वर्षभरात त्यांच्या तोंडून आईचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी वाट बघितली. थोड्या वेळाने ते म्हणाले की लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात त्यांनी धरलेला पहिला काळुंदर आईने तळला तेव्हा तो तव्याला चिकटला, आणि ती रडायला लागली. मग त्यांनी दोघांनी तो तव्यातूनच खरवडून खाल्ला. एवढंच. मग पुन्हा बोटावर तंगूस.

आता जेवणाकडे येतो. पहिल्या दिवशीचे मासे घरी आणले, खवले काढले, साफ केले. मीठ, हळद, आगळ आणि लाल तिखट लावून, तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळून तव्यावर टाकले. तवामासे ते, तव्यात अगदी फिट्ट बसले. बायको ताट वाढायला लागली तसे अण्णा उठले, कपाटातून चहाच्या कपाची बशी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"गो, माका एकचौसष्टांश वाढ."

बशीत एक मासा, पाव भाकरी आणि एक चमचा भात. ते संपलं. रात्री नऊला पुन्हा बशी आली, चमचाभर दहीभात घेऊन गेली. तेव्हापासून आमच्याकडे अण्णांचं ताट निघत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा बशी निघते. आमच्या इथल्या डॉक्टरबाईंनीही हेच सांगितलं, की म्हाताऱ्या माणसाला थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्यावं, मोठं ताट बघून त्याची इच्छा मरते. मुलगा आता बशीच्या वेळा ओळखतो आणि "अण्णा, वन-थर्टीसेकंड टाइम" असं ओरडत जातो. बढती मिळालीय ना, चौसष्टांशावरून बत्तिसांशावर!

बाकी आम्ही घरी आणतो ते मोजकेच मासे. इथे ब्लूगिलचा एक प्रश्न आहे. ब्लूगिलचा नर उन्हाळ्यात उथळ पाण्यात घरटं करतो, अंड्यांवर पहारा देतो, शेपटीने पाणी घालत बसतो. लोक नेमके तेच मोठे नर उचलून नेतात. मोठे नर कमी झाले की बारके नर लवकर वयात येतात, वाढायचं सोडून संसाराला लागतात, आणि काही वर्षांत अख्ख्या तळ्यात बोटभर मासे उरतात. म्हणून मिनेसोटाच्या निसर्गसंपदा खात्याने २०२१ सालापासून बऱ्याच तळ्यांवर दिवसाला वीसऐवजी दहा किंवा पाचच ब्लूगिलची मर्यादा घातली. कायद्याने वीसची परवानगी असली तरी आम्ही सहा-सात इंची मधले सात-आठ घेतो. फार खोल पाण्यातही गळ टाकत नाही, कारण तिथून वर काढलेला मासा फुगतो, त्याला परत सोडलं तरी तो जगेलच असं नाही.

हे सगळं मी अण्णांना समजावून सांगायच्या बेतात होतो. त्याआधीच एक दिवस त्यांच्या बोटाला एक मोठा लागला. नऊ इंचांच्या वर असेल. काळपट, रुंद कपाळाचा, एका कल्ल्याची कड फाटलेली. इथल्या गार पाण्यात एवढा व्हायला आठ-दहा वर्षं सहज लागतात. दोन पौंडी तंगुसावर त्याला वर आणायला वेळ लागला. मी फोटो काढायला फोन काढला. अण्णांनी त्याला ओल्या हातात धरून जरा निरखलं.

"म्हातारो आसा. सोड तेका."

मी गळ काढला. मासा क्षणभर धक्क्याच्या खांबापाशी तसाच थांबला, मग सावकाश खाली गेला. अण्णा बराच वेळ तिकडे बघत होते. फोटो राहिला.

तर आत्या, काका, मावशी आणि इतर सगळे, उत्तर असं : हो, अण्णा जेवतात. थोडं जेवतात. गेल्या तीन आठवड्यांत वजन घटलेलं नाही, सातशे ग्रॅम वाढलंय. सातशे ग्रॅम म्हणजे साठ तोळे. हा हिशोबही त्यांचाच. फार मोठी गोष्ट नाही हे मला कळतं. ८१ वर्षांच्या माणसाचा गेलेला उन्हाळा परत येत नाही, आणि आईच्या जागी कुठलंच आमिष लागू पडणार नाही. पण पाणी गार झालं म्हणजे मासा मेला असं होत नाही.

तुम्ही फोन जरूर करा, त्यांना बरं वाटतं. फक्त एक युक्ती सांगतो. "कसं वाटतंय, झोप लागते का, करमतं का, वहिनींची आठवण येते का" असं सगळं एकदम विचारलंत तर उत्तर येईल "बरं", आणि फोन माझ्या हातात. त्यापेक्षा विचारा, "आज पाणी किती अंश होतं?" ते सांगतील एकोणचाळीस. मग काही बोलू नका. मनात वीसपर्यंत मोजा. फोनवर वीस आकडे फार लांब वाटतात, मला माहीत आहे. पण मोजा.

पुढच्या आठवड्यात आमचा फाटा गोठेल असं दिसतंय. सकाळी कडेला काचेसारखी पापडी धरते, दुपारी विरघळते. माणसाला वर चालायला निदान चार इंच स्वच्छ, टणक बर्फ लागतो असं निसर्गसंपदा खातं सांगतं. बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडायचा असतो, आणि त्यालाही हीच बारकी जिगं आणि हाच बारीक तंगूस चालतो, म्हणून डबा मी आवरलेला नाही. अण्णांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी अविश्वासाने बघितलं. काल सकाळी माकडटोपी घालून अंगणातल्या बादलीतला बर्फ फोडत होते, आणि मुलाची शाळेची पट्टी त्यांच्या हातात होती.

बादलीत पाऊण इंच भरला. अजून सव्वातीन इंच बाकी आहेत, असं सांगायला आत आले, आणि बशी मागितली.